रिकाम्या बाटल्या आणि भरलेली वर्णने

गोटीसोडा प्यायलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते : सोडा आपला, बाटली दुकानदाराची. एस. टी. स्थानकाबाहेरची किंवा जत्रेतली ती गाडी, दाबून आत ढकललेली गोटी, तो चिरका आवाज आणि दोन मिनिटांनी रिकामी बाटली परत करून पुढे निघणे, हा सगळा मिळून एकच व्यवहार होता. बाटली घरी न्यावी असे कोणाच्या मनातही येत नसे.

मात्र याच घडणीची एखादी बाटली इंग्लंडातल्या जुन्या उकिरड्यातून निघते, तिच्या अंगावर एकोणिसाव्या शतकातल्या कुणा सोडावाल्याचे नाव उठावाच्या अक्षरांत असते, काचेचा रंग नेहमीच्या फिक्या हिरव्याऐवजी गडद निळा किंवा तपकिरी असतो. आणि तिच्यासाठी एकमेकांना कधीही न भेटलेले लोक वेगवेगळ्या देशांत संगणकापुढे बसून बोली लावू लागतात. आत सोडा नाही, औषध नाही, अत्तर नाही. जे भरण्यासाठी ती घडवली गेली ते केव्हाच संपले. मग विकले जाते ते नेमके काय? गेल्या तीस वर्षांत इंटरनेटवरील लिलावांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर वाङ्मयाच्या अभ्यासकांना ओळखीचे वाटावे, असे आम्हांस वाटते. तेथे विकले जाते ते वर्णन. त्या वर्णनात काय लिहिले जाते आणि काय गाळले जाते, यावर एका सामान्य वस्तूचा इतिहास टिकणार की नाही हे ठरते. या लेखात त्या वर्णनाचा, ते जन्माला घालणाऱ्या बाजाराचा आणि त्यातल्या एका मोठ्या गाळलेल्या जागेचा विचार करावयाचा आहे.

१. काचेचे वाचन

प्रथम वस्तूकडे पाहू. गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची. त्याने १८७० साली तिचे पेटंट घेतले आणि पुढच्या दोनेक वर्षांत तिला आज परिचित असलेले रूप आले. कल्पना साधी आणि चतुर होती. बाटली उलटी धरून भरायची. सरळ करताना आतला वायू गोटीला वर रेटतो आणि गळ्यातल्या रबरी कड्यावर ती घट्ट बसते. पिताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत दोन खळगे केलेले. बूच नको, तार नको. यॉर्कशरमधल्या बार्न्झली परिसरातील काचकारखान्यांत अशा बाटल्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या आणि ब्रिटिश साम्राज्यात सोडा जेथे जेथे पोचला तेथे त्याही पोचल्या. मुंबईत १८८९ साली ड्यूक अँड सन्ससारखा सोड्याचा व्यवसाय उभा राहिला, तो याच युगात. इंग्लंडात मुले गोट्यांसाठी या बाटल्या फोडत, म्हणून अखंड बाटली दुर्मीळ, असे संग्राहक सांगत आले आहेत. जपानमध्ये ‘रामुने’ या पेयाने तीच घडण जिवंत ठेवली आणि आपल्याकडे गोटीसोड्याने.

बाटलीचा संग्राहक बाटलीकडे पाहतो तो जवळजवळ पाठचिकित्सकाच्या नजरेने. हस्तलिखिताचा अभ्यासक जसा शाई, कागद, वळण आणि हाशिया पाहतो तसा तो साच्याचा सांधा पाहतो. फुंकून साच्यात घडवलेल्या जुन्या बाटलीवर हा सांधा मानेपर्यंत येऊन थांबतो, कारण तोंडाची कड कारागिराने नंतर हाताने बसवलेली असते. मायकेल ओवेन्स याने अमेरिकेत १९०३ च्या सुमारास स्वयंचलित यंत्र सिद्ध केले. अशा यंत्रावरच्या बाटलीचा सांधा तोंडाच्या कडेवरूनही सरळ वर जातो. बुडाशी खडबडीत व्रण असेल तर ती बाटली घडवताना लोखंडी दांड्यावर धरली होती असे कळते. अमेरिकी बाटल्यांत हा व्रण सामान्यतः १८६० च्या दशकाआधीचा काळ सुचवतो. काचेतले बुडबुडे, बुडाची जाडी, अक्षरांची ठेवण, या साऱ्यांना अर्थ आहे.

परंतु हे वाचन फसवेही असते. अमेरिकेत जॉन लँडिस मेसन याने लोणची-मुरंब्यांसाठी आट्यांच्या झाकणाची बरणी केली आणि तिचे पेटंट ३० नोव्हेंबर १८५८ रोजी घेतले. ही तारीख बरण्यांवर पुढे कित्येक दशके उठवली जात राहिली. त्यामुळे ‘१८५८’ असे काचेवर स्पष्ट लिहिलेली बरणी विसाव्या शतकातलीही असू शकते. नवशिका विक्रेता काचेवरची तारीख वाचतो आणि वर्णनात ‘१८५८ ची बरणी’ असे प्रामाणिकपणे लिहितो. त्याचे वाचन अक्षरशः बरोबर आणि ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचे असते. पोथीच्या शेवटी उतरवलेला मूळ प्रतीचा शक आणि नक्कल केल्याचा शक यांची गफलत करणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे; मेसनची बरणी ही त्याच गफलतीची काचेची आवृत्ती होय.

२. बाजार आणि त्याची दंतकथा

इंटरनेट येण्याआधीही जुन्या बाटल्यांचा बाजार होता. अमेरिकेत १९६० च्या दशकात हा छंद फोफावला आणि १९६९ मध्ये तेथील संग्राहक-मंडळांचा महासंघ स्थापन झाला. इंग्लंडात व्हिक्टोरियन काळातले उकिरडे खणण्याची लाट १९७० च्या दशकात आली. बार्न्झलीजवळच्या एल्सेकर येथे पुढे बाटल्यांच्या लिलावांचे एक प्रमुख केंद्र उभे राहिले. मेळावे भरत, छापील याद्या टपालाने जात, दूरध्वनीवरून बोली लागे. ज्ञान मात्र माणसांपाशी असे. अमुक गावच्या औषधवाल्याची बाटली दुर्मीळ आहे हे, वीस वर्षांत ती दोनदाच पाहिलेला एखादा वृद्ध संग्राहक सांगे, आणि त्याचे सांगणे हाच ग्रंथ असे.

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात पिअर ओमिद्यार या तरुण संगणकतज्ज्ञाने ‘ऑक्शनवेब’ नावाचे लिलावाचे पान सुरू केले. तेच पुढे ‘ईबे’ झाले. या कंपनीच्या जन्माची एक गोड कथा अनेक वर्षे वृत्तपत्रांतून फिरत होती : ओमिद्यारच्या वाग्दत्त वधूला ‘पेझ’ गोळ्यांच्या डब्या जमवण्याचा नाद होता, तिला इतर संग्राहक भेटावेत म्हणून त्याने हे पान उभारले. ही कथा प्रसिद्धीसाठी रचलेली होती, हे ॲडम कोहेन यांच्या २००२ सालच्या पुस्तकामुळे सर्वांना कळले. संग्रहणीय वस्तूंच्या मूळस्थानाविषयी खरे बोलण्यावर ज्या बाजाराची भिस्त, त्याने स्वतःच्या मूळस्थानाविषयी मात्र एक आकर्षक कहाणी सांगितली होती.

त्याच इतिहासातली दुसरी गोष्ट अधिक बोधक आहे. या पानावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका मोडक्या लेझर पॉइंटरची नोंद केली जाते. तो १४.८३ डॉलरला गेला. तो मोडका आहे हे वर्णनात सांगितले होते. ओमिद्यारने खात्री करून घेण्यासाठी विचारले तेव्हा घेणाऱ्याने, आपण मोडकेच जमवतो, असे कळवल्याचे सांगतात. मोडके असणे हा दोष नव्हता; तो सांगितलेला होता, एवढेच पुरेसे होते. अनोळखी माणसांच्या बाजाराचे सारे नीतिशास्त्र या एका विक्रीत सामावले आहे.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले होते की, मालाचे खरे स्वरूप विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो, कारण त्याला चांगल्याचा भाव मिळत नाही. जुन्या बाटलीच्या बाबतीत ही विषमता तर टोकाची. ती हातात घेतल्याशिवाय कळत नाही आणि इंटरनेटवर ती हातात घेताच येत नाही. १९९६ मध्ये ओमिद्यारने यावर उपाय म्हणून अभिप्रायाची पद्धत आणली : व्यवहारानंतर दोघांनी एकमेकांविषयी दोन शब्द सर्वांसमक्ष लिहायचे. २००८ पासून विक्रेत्याने घेणाऱ्याविषयी प्रतिकूल लिहिण्याची सोय काढून टाकली गेली आणि हा संवाद बराचसा एकतर्फी झाला. तरीही तत्त्व तेच राहिले. पेठेतल्या दुकानाची जी पत तीन पिढ्यांत तयार होते ती येथे लिखित वाक्यांतून तयार करावी लागली.

३. वर्णन नावाचा वाङ्मयप्रकार

यातूनच एक लहानसा वाङ्मयप्रकार घडत गेला. बाटलीच्या लिलावातले चांगले वर्णन दहा-बारा ओळींचे असते. आरंभी उठावाची अक्षरे जशीच्या तशी, ओळींच्या तुटीसह, मग उंची, रंग, बुडाचा प्रकार, तोंडाचा प्रकार, मग दोष. या दोषांच्या वर्णनातच लेखकाची परीक्षा होते. कडेचा टवका वेगळा, पापुद्रा निघणे वेगळे, काचेच्या आत राहिलेली चंद्रकोरीसारखी मुकी तडक वेगळी. जमिनीतल्या ओलाव्याने काचेवर धरलेला पांढुरका थर असतो. त्याला संग्राहक काचेचे ‘आजारपण’ म्हणतात. फुटलेला बुडबुडा हा घडणीतला दोष की नंतरची इजा, यावर भाव बदलतो. हा कोश कोणा विद्यापीठाने तयार केला नाही. अगणित व्यवहारांत, तक्रारींत आणि परतपाठवणीत तो घासून निघाला.

या कोशात लोकव्युत्पत्तीही आहेत. काही बाटल्यांच्या पृष्ठभागावर हातोडीने ठोकल्यासारख्या लहरी दिसतात. त्यांना इंग्रजीत ‘चाकूने तासल्याच्या खुणा’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण त्या लाकडी साच्याच्या तासकामामुळे उमटल्या असा समज होता. वास्तविक तप्त काच थंड लोखंडी साच्याला टेकली की असा पृष्ठभाग होतो. कारण चुकीचे ठरले, शब्द राहिला आणि वर्णनांत तो आजही भाव वाढवतो. भाषेच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये.

वर्णनाबरोबर छायाचित्र येते, आणि छायाचित्र पुष्कळ दाखवते. पण बाटली ही मुळात स्पर्शाचीही वस्तू आहे. एकोणिसाव्या शतकात विषारी द्रव्यांच्या बाटल्या गडद निळ्या वा हिरव्या काचेच्या, कंगोऱ्यांच्या आणि उभ्या रेघांच्या केल्या जात. हेतू हा की अंधारात, दिवा न लावता, औषध समजून उचलणाऱ्या हाताला काचेनेच सावध करावे. बोटांनी वाचण्यासाठी लिहिलेला असा मजकूर दुसरा क्वचितच सापडेल. संगणकाच्या पडद्यावर मात्र त्या रेघा केवळ नक्षी होतात. स्पर्शाची ही उणीव शब्दांनी भरून काढावी लागते. ‘कडेवरून बोट फिरवले तर लागते, डोळ्यांना दिसत नाही’ असे वाक्य लिहिणारा विक्रेता वाचकाला आपले बोट उसने देत असतो.

अर्थात जेथे वर्णनाला मोल असते तेथे खोट्या वर्णनालाही असते. जुन्या पारदर्शक काचेत रंग घालवण्यासाठी मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते, आणि हा रंग संग्राहकांना प्रिय. तेव्हा कृत्रिम किरणोत्साराने काही काळातच गडद जांभळा रंग आणण्याचा उद्योग सुरू झाला. बाटली खरी, वय खरे, रंग मात्र कालचा. ‘जांभळी बाटली’ असे वर्णन केले तर प्रत्येक शब्द खरा असतो आणि वाक्य खोटे. दुसरा प्रकार गोटीच्या बाटलीचा. आपल्याकडे ती नित्याच्या वापरासाठी अलीकडेपर्यंत घडत आली आहे. अशी नवी किंवा थोडी वापरलेली भारतीय बाटली परदेशी लिलावांत ‘व्हिक्टोरियन’ म्हणून पुढे येते, तेव्हा फसवणूक काचेत मुळीच नसते. गाझियाबादच्या किंवा नागपूरच्या सोडावाल्यासाठी ती बाटली पूर्ण प्रामाणिक होती. वर्णन जोडले गेले आणि ती बनावट झाली. एखादी वस्तू कोणताही बदल न होता खरीची खोटी होते, ती केवळ तिच्याविषयीच्या वाक्याने. याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

४. जाणत्यांचे मौन

वर्णनाचा एक वाचक असा असतो की ज्याला विक्रेत्यापेक्षा अधिक कळते. तो काय करतो? येथे लिलावाची रचना महत्त्वाची ठरते. या लिलावांत बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे सांगतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने इतरांच्या बोलीवर थोडी थोडी वाढ करत जाते. जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा किंचितच अधिक द्यावे लागते. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताशी हे जवळचे आहे. तर्काने पाहता आपली कमाल रक्कम केव्हाही सांगून निर्धास्त झोपावे. प्रत्यक्षात शेवटच्या काही सेकंदांत बोली लावणाऱ्यांची झुंबड उडते.

आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये याचा शोध घेतला. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपे. तेव्हाच्या ॲमेझॉनच्या लिलावांत उशिरा बोली आली तर मुदत वाढे. पहिल्या ठिकाणी शेवटच्या क्षणीच्या बोली स्पष्टपणे अधिक होत्या आणि ईबेवर त्या संगणकांच्या लिलावांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावांत अधिक होत्या. त्यांनी सुचवलेली कारणमीमांसा मनोज्ञ आहे. संगणकाची किंमत सर्वांना ठाऊक असते, पुराणवस्तूची जाणत्यालाच. जाणत्याने लवकर बोली लावली तर त्याची बोली हीच इतरांसाठी टीका होते : ‘या माणसाने हात घातला, अर्थी यात काही आहे.’ म्हणून ज्याला सर्वांत अधिक कळते तो सर्वांत शेवटपर्यंत गप्प राहतो.

विद्वत्तेच्या क्षेत्रात ज्ञान प्रसिद्ध करण्याने मान मिळतो. या बाजारात ज्ञान लपवण्याने लाभ होतो. विक्रेत्याने ‘जुनी औषधाची बाटली’ एवढेच लिहिले आहे, आणि अक्षरांतला एक वेगळा वळसा पाहून जाणत्याला उमगले आहे की हा दुर्मीळ साचा होय. तो काही लिहीत नाही. लिलाव संपतो, बाटली त्याच्या कपाटात जाते आणि वर्णन ‘जुनी औषधाची बाटली’ असेच राहते. तेही फार काळ राहत नाही. सर्वसाधारण शोधात संपलेले लिलाव सुमारे तीन महिनेच दिसतात. सामान्य वस्तूंची इतकी सविस्तर, सचित्र सूची इतिहासात क्वचितच तयार झाली असेल, आणि ती स्वतःच स्वतःला पुसत चालली आहे.

एक गोष्ट या सूचीने निःसंशय साधली. ‘दुर्मीळ’ या शब्दाचा खरेपणा तिने तपासला. गावोगावच्या माळ्यांवरच्या बाटल्या एकाच पानावर आल्या तेव्हा वृद्ध संग्राहकाने दोनदाच पाहिलेली बाटली महिन्यातून दोनदा दिसू लागली. सामान्य बाटल्यांचे भाव उतरले, उत्तमांचे चढले, असा व्यापाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. स्मृतीवर आधारलेली दुर्मिळता मोजणीवर आधारलेली झाली, हा इतिहासलेखनाचाही लाभच म्हटला पाहिजे.

५. खोक्यातले वचन

लिलाव संपल्यावर वर्णनाची खरी कसोटी सुरू होते, कारण आता काच प्रवासाला निघते. अनुभवी विक्रेत्याची बांधणी पाहिली तर तीत एक प्रकारचे व्याकरण दिसते. आधी मान आणि तोंड स्वतंत्रपणे गुंडाळायचे, कारण पहिला घाव तेथे बसतो. जुने कागदी लेबल असेल तर त्याला चिकटपट्टी लागू द्यायची नाही आणि वर्तमानपत्राची शाईही. मग बबल रॅपचे दोन-तीन वेढे, मग आतला खोका, मग त्याच्या सहाही बाजूंना चार-पाच बोटे भरण ठेवून बाहेरचा खोका. शेवटी खोका कानाशी धरून हलवायचा. आत काहीही सरकता कामा नये. ऐन हिवाळ्यात आलेला खोका लगेच उघडायचा नाही, खोलीच्या उबेला सरावू द्यायचा, कारण एकाएकी बदललेले तापमान काचेतली जुनी मुकी तडक वाढवू शकते. कोकणातून पेंढ्यात निजून येणारी हापूसची पेटी ज्यांनी उघडली आहे त्यांना यातले अर्धे शास्त्र न सांगता कळेल.

या बाटल्यांचा हा पहिला प्रवास नव्हे. त्या प्रथम निघाल्या तेव्हा पेटीत, डझनांच्या हिशेबाने, भरलेल्या निघाल्या. काही फुटणार हे गृहीत धरून. फुटलेल्या बाटलीचे नुकसान आतल्या द्रवाचे होते. आता रिकामी बाटली एकटी निघते आणि फुटली तर भरून येत नाही. विम्याचे पैसे मिळतात. पण ज्या साच्याच्या चारच बाटल्या ठाऊक आहेत त्याच्या तीनच राहतात. म्हणूनच बांधणी हा वर्णनाचा शेवटचा परिच्छेद आहे असे आम्ही म्हणू. दोष लपवणारा विक्रेता बहुधा खोक्यातही कागद कमी घालतो. ‘पोचताना टवका उडाला’ हे घेणाऱ्याचे म्हणणे आणि ‘निघताना अखंड होती’ हे देणाऱ्याचे म्हणणे, यांत निवाडा करायला शेवटी पुन्हा वर्णन आणि छायाचित्रच पुढे येतात.

६. गाळलेली ओळ

इतके सूक्ष्म, इतके परीक्षित असे हे वर्णन. मात्र त्यात एक ओळ बहुतेक वेळा नसते. ही बाटली कोठे सापडली?

अमेरिकेत संग्राहक जुन्या शहरांतले शौचकूप शोधून खणतात. नळ येण्यापूर्वी प्रत्येक घरामागे असा खड्डा असे आणि घरातला कचरा त्यातच जाई. जागा शोधण्यासाठी ते आगविम्यासाठी काढलेले जुने नकाशे पाहतात. म्हणजे खणणाऱ्याला घर ठाऊक असते, बहुधा काळ ठाऊक असतो, बाटली कोणत्या थरात आणि कशाबरोबर पडली होती हेही दिसलेले असते. एका घरच्या खड्ड्यात अफूयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, शेजारी बाळाची दूध पिण्याची बाटली, तिच्याजवळ मद्यार्काने भरलेले ‘शक्तिवर्धक’ : हा एका कुटुंबाचा मजकूर आहे. लिलावात मात्र त्यातले प्रत्येक पान सुटे विकले जाते. औषधाची बाटली एका राज्यात, बाळाची दुसऱ्या, आणि घराचा पत्ता कोठेच नाही. तो लिहिला तर इतर खणणारे तेथे येतील, जमिनीचा मालक प्रश्न विचारील, कायदा आड येईल. भाव मात्र एका पैशानेही वाढत नाही, कारण बाजार तो प्रश्न विचारतच नाही.

याच्या उलट काय घडू शकते ते ‘बर्ट्रांड’ या आगबोटीने दाखवले. १ एप्रिल १८६५ रोजी ती मिसुरी नदीत बुडाली. १९६८-६९ मध्ये तिचे उत्खनन झाले आणि तिच्यातला माल एकत्र ठेवला गेला. त्यात औषधी मद्यांच्या, लोणच्यांच्या, मसाल्यांच्या भरलेल्या बाटल्या होत्या. त्यांतल्या अनेक प्रकारच्या बाटल्या लिलावांत नित्य दिसतात आणि तेथे त्या केवळ आकार व रंग असतात. बर्ट्रांडवर मात्र त्या विधान करतात : या दिवशी, या वाटेने, मोन्टानातल्या खाणकामगारांकडे हा माल चालला होता. १९७४ साली या बाटल्यांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. इतरत्र सापडलेल्या बाटलीचा काळ ठरवण्यास तिचा आधार मिळतो, कारण येथे तारीख काचेवर नसून परिस्थितीत आहे, आणि परिस्थिती मेसनच्या बरणीसारखी खोटे बोलत नाही.

कायद्याने हा फरक काही प्रमाणात ओळखला आहे. अमेरिकेच्या १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा कायद्याने संघराज्याच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुने अवशेष परवान्याशिवाय काढण्यास मनाई केली, आणि अवशेषांच्या व्याख्येत बाटल्यांचा नावानिशी उल्लेख केला. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि व्याख्येत बसणाऱ्या वस्तूची खाजगी निर्यात वर्ज्य आहे. म्हणजे १९२० च्या आधीची एखादी मुंबईची सोड्याची बाटली परदेशी ग्राहकाला पाठवताना प्रश्न केवळ बबल रॅपचा राहत नाही. तरीही कायदा फार तर वस्तू थोपवतो. ती कोठली हे लिहून ठेवण्याचे काम कायदा करत नाही.

हे काम कोणत्या प्रतीचे आहे ते मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिचा पाया हस्तलिखितांच्या प्रादेशिक परंपरांवर रचलेला आहे : उत्तरेची, दक्षिणेची, शारदा लिपीतली, मल्याळम लिपीतली. पोथी कोठली हे ठाऊक नसते तर पाठभेदांचा तो ढीग नुसता ढीगच राहिला असता. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करत. कागद कोणाच्या घरात, कोणत्या बाडात मिळाला हे कळले तरच त्याची साक्ष उभी राहते. कागदाला जो न्याय आपण दिला तो काचेला अजून दिलेला नाही. लोकवर्गणीच्या पैशांतून १९०८ मध्ये उभा राहिलेला तळेगावचा पैसाफंड काच कारखाना, १९१६ चा ओगलेवाडीचा कारखाना, गावोगावचे सोडावाले, औषधालयांचे अर्क-आसवांचे कारखाने, यांचा वस्तुरूप पुरावा माळ्यांवर, जुन्या बाजारांत आणि भंगारवाल्यांच्या पोत्यांत आहे. तो आता मोबाइलवरून विकलाही जाऊ लागला आहे. ईबेने २००४ मध्ये ‘बाझी’ हे भारतीय संकेतस्थळ विकत घेऊन येथे पाय रोवला आणि २०१८ मध्ये तो भारतीय बाजार बंद झाला. तोवर जुन्या वस्तूंची अशी विक्री आपल्या अंगवळणी पडली होती आणि पुढे तिने दुसरी स्थळे शोधली.

ही विक्री थांबावी असे आमचे म्हणणे नाही. विक्री नसती तर यातल्या बहुतेक बाटल्या फुटून भट्टीत गेल्या असत्या. संग्राहकाच्या लोभाने पुष्कळ इतिहास वाचवला आहे हे मान्य केले पाहिजे. मागणे एका ओळीचे आहे. आजोळच्या माळ्यावर सापडलेली बाटली कोणी लिलावात ठेवत असेल, भंगारवाल्याला देत असेल किंवा नुसती धुऊन खिडकीत मांडत असेल, तर गाव, घर, साल आणि तिच्याजवळ आणखी काय होते एवढे एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बाटलीबरोबर ठेवावी. महाविद्यालयांतून प्रकल्पांसाठी विषय शोधणाऱ्या शिक्षकांना आमची सूचना आहे की एका गावच्या अशा पन्नास चिठ्ठ्या हा एक चांगला प्रकल्प होईल. घेणारा त्या ओळीसाठी जादा पैसे देणार नाही. पुढचा वाचक मात्र प्रथम तीच शोधील.